शाहीनच्या ओळी पुसणार नाही

शाहीन गेली हे मला कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडलेली होते. सोमवार होता. दर सोमवारी ती नांदेडहून पहाटेची एसटी धरून लातूरला यायची आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायची. आठवडाभर आम्ही दोघी एका भाड्याच्या खोलीत राहायचो आणि एकाच कंपनीत काम करायचो. त्या सकाळी मी न्याहारीला सुशीला करून तिची वाट बघत बसले होते. मुरमुरे भिजून लगदा व्हायला लागले तरी बाईंचा पत्ता नाही. तशी ती वेळेवर येणारी नव्हतीच. ‘पाच मिनिटांत पोचते’ म्हणाली की मी एक झोप काढून घ्यायचे. शेवटी फोन वाजला, तिचाच नंबर, आणि उचलल्या उचलल्या मी सुरू झाले... कुठं तडफडलीस, तुला लाज कशी वाटत नाही, पुढच्या सोमवारी उपाशीच ठेवते बघ. पलीकडच्या माणसानं मला पूर्ण बोलू दिलं. मग इरफान, तिचा धाकटा भाऊ, म्हणाला, “ताई... आपा गेली.” मी विचारलं, कुठं गेली? खरंच असं विचारलं मी.

रविवारी दुपारी जेवताना डोक्यात कळ आली म्हणाली, दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली, मेंदूत रक्तस्राव झाला होता. पहाटे सगळं आटोपलं. मी नांदेडला पोचले तेव्हा मय्यत उठायची होती. तिच्या अम्मींनी माझा हात धरून मला तिच्याजवळ बसवलं. शाहीनचा चेहरा एवढा गप्प मी कधी पाहिला नव्हता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही आता एकदम उठून कोणाला तरी झापेल. नाही उठली.

हे सगळं आज लिहायचं कारण निराळं आहे. ती गेल्यावर आठवड्याभरात ऑफिसात शोकसभा झाली. आमचे संचालक मोरे सर उभे राहिले आणि म्हणाले, शाहीन शांत होती, सोशिक होती, सगळ्यांना सांभाळून घेणारी होती. मी खुर्चीत चुळबुळत होते. शांत? अहो, चहावाल्याशी, बस कंडक्टरशी, सरांशी, माझ्याशी, जिचं दिवसातून एकदा तरी वाजल्याशिवाय राहायचं नाही ती शांत? मग सरांनी एक किस्सा सांगितला. म्हणे, शेवटी डॉक्टर तिला ‘आता दोन-तीन’ एवढंच बोलले, तर तिनं विचारलं, ‘दोन-तीन काय? दिवस, आठवडे की महिने?’ लोक रडता रडता हसले. किस्सा लई गोड, पण शंभर टक्के खोटा. तिला शुद्धच नव्हती. डॉक्टरनी तिला काही सांगितलं नाही आणि तिनं काही विचारलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, सर, असं काही घडलं नाही, आणि ती सोशिकही नव्हती. मेलेल्या माणसाला लगेच गुळगुळीत करून टाकायची ही जी घाई असते ना आपल्याला, तिचा मला मनापासून राग येतो.

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून मेल आली. आमची कंपनी मध्यंतरी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली आहे. तिथले नवे तांत्रिक प्रमुख सौरभ सर, वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला अत्यंत मऊ. त्यांनी कळवलं होतं की सगळ्या शाखांच्या सेटिंगच्या फाईली आता एका साच्यात बसवायच्या आहेत, म्हणून लातूरच्या फाईलींमधला ‘जादाचा मजकूर’ काढून टाकावा. शाहीननंतर डेटाबेसचं काम माझ्याकडे आलेलं, म्हणजे काढायचं मीच. हा जादाचा मजकूर म्हणजे शाहीननं लिहिलेल्या ओळी. सभेत हार घालायचा आणि मेलमध्ये पुसायचं. वा रे वा!

वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना या कामाशी काही देणंघेणं नसेल, म्हणून सांगते. लातूर-नांदेडकडच्या क्लासेसच्या सराव परीक्षा संगणकावर घेणं हा आमचा धंदा. प्रश्न, पोरांची उत्तरं, मार्क, सगळं डेटाबेसमध्ये साठतं. त्या डेटाबेसनं कसं वागायचं ते एका साध्या फाईलीत लिहिलेलं असतं: अमक्या कामाची किती वेळ वाट बघायची, तमकं कनेक्शन गप्प पडलं तर किती वेळानं तोडायचं. प्रत्येक ओळीत एक नाव आणि पुढं एक आकडा. नुसता आकडा. आणि खरी मेख इथंच आहे. एका ओळीतला आकडा मिनिटांत मोजला जातो, तिच्या खालच्या ओळीतला सेकंदांत, आणखी खालचा सेकंदाच्या हजाराव्या भागात. कुठला कशात, ते फाईल सांगत नाही. ते जाडजूड माहितीपुस्तिकेत शोधावं लागतं आणि परीक्षेच्या गडबडीत कोण शोधतंय? मात्र त्याच फाईलीत ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली, की त्या खुणेपुढचं डेटाबेस वाचत नाही. ते फक्त माणसं वाचतात. कुठला आकडा कशात मोजायचा, ते शाहीन त्या जागेत लिहायची.

तिला ही खोड कुठून लागली असं मला आता लोक विचारतात. वडिलांचा अर्धापूरला केळीचा व्यापार होता, तिथं काही झालं असेल का, असं एकानं सुचवलं. काही झालं नव्हतं. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो तेव्हापासून ती तशीच होती. सरांनी फळ्यावर नुसता आकडा लिहिला की हिचा हात वर. तिच्यामुळे तास लांबायचा, मग पोरं माझ्यावर डाफरायची, तुझ्या मैत्रिणीला आवर म्हणून. आवरते कशाची! एकदा मी तिला निलंग्याला आमच्या घरी घेऊन गेले. आईनं सांगितलं, पोरी, थोडं पीठ मळून ठेव. ही विचारते, काकू, थोडं म्हणजे किती, कशानं मोजायचं? आई म्हणाली, माझ्या मुठीनं. मला वाटलं आता वाद होणार. तर शाहीननं आईची मूठ हातात धरून नीट बघितली आणि चार मुठी पीठ घेतलं. मूठ चालते, कोणाची ते कळलं पाहिजे, असं मला वर ऐकवलं. आई त्यानंतर प्रत्येक दिवाळीला तिची चौकशी करायची, ती भांडखोर पोरगी कशी हाय म्हणून.

आता त्या परीक्षेबद्दल. आम्ही कंपनीत लागून काही वर्षं झाली होती. एका मोठ्या क्लासची सराव परीक्षा आमच्याकडे आली, केंद्रं थेट तालुक्यांपर्यंत. पहिल्याच पेपरला तक्रारी सुरू झाल्या. पोरं पेपर सोडवता सोडवता बाहेर फेकली जात होती; पुन्हा आत येईपर्यंत वेळ जायचा, काहींची अर्धी उत्तरं जायची. लातूर शहरातल्या केंद्रांवर तक्रारी कमी, अहमदपूर, देगलूर, भोकरकडे जास्त. बैठकीत लगेच निदान झालं: खेड्यातलं नेटवर्क, आणि खेड्यातली पोरं. पोरांना सवय नाही, माऊस धरता येत नाही, वेळ लावतात. मी निलंग्याची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाहीन मात्र त्या दिवशी काही बोलली नाही, म्हणजे काहीतरी शिजत होतं. दुसऱ्या पेपरच्या सकाळी तिनं मला उठवलं, आम्ही एसटी धरली आणि अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो. तिथल्या केंद्रावर एक मशीन रिकामं होतं. शाहीन पोरांच्या ओळीत जाऊन बसली आणि पेपर द्यायला लागली. मी दाराशी उभी होते.

पहिले प्रश्न तिनं भराभर सोडवले. काही झालं नाही. मग गणिताचा एक प्रश्न आला, तिनं माऊसवरचा हात काढून घेतला आणि कागदावर आकडेमोड करत बसली. जरा वेळानं स्क्रीन पांढरी. बाहेर. शेजारी एक पोरगी बसली होती, दोन वेण्या, शाळेचाच ड्रेस घालून आलेली. तिनं हळूच सांगितलं, “मॅडम, इचार करत बसू नका, भाईर फेकतंय. नुस्तं कायबी दाबत ऱ्हावा, मग बदलायचं.” त्या पोरीला हे पहिल्या पेपरातच उमगलं होतं आणि तिनं मैत्रिणींनाही सांगून ठेवलं होतं. शाहीन उठली ती सरळ बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. “ऐकलंस का?” ती म्हणाली. “आपलं मशीन काय शिकवून राहिलंय पोरांना... इचार करू नका म्हणून.”

फाईल उघडली तेव्हा सापडलं. पेपर होता नव्वद मिनिटांचा. कोणीतरी नेटका विचार करून, पेपरभर कनेक्शन तुटू नये म्हणून, गप्प कनेक्शन तोडायच्या ओळीत नव्वद लिहिलं होतं. वरची ओळ मिनिटांत मोजायची, मग ही पण मिनिटांतच असणार, असा सरळ हिशेब. ही ओळ सेकंदांची होती. म्हणजे दीड मिनिट हात न हलवता जो बसला तो बाहेर. क्लासमध्ये घोटून घोटून तयार झालेली पोरं प्रश्न दिसला की पर्याय दाबतात, ती टिकली. जी अडून बसली, डोकं खाजवत राहिली, कागदावर मांडून बघत राहिली, ती सगळी फेकली गेली. आणि त्यांनाच आम्ही अडाणी ठरवलं होतं. नेटवर्क बिचारं ठणठणीत होतं.

मोरे सर म्हणाले, बरं झालं सापडलं, आकडा बदला आणि विषय संपवा. शाहीन म्हणाली, बदलते, पण फेकल्या गेलेल्या पोरांना पेपर परत द्यायचा आणि चूक आपली होती हे केंद्रांना कळवायचं. सरांचं म्हणणं, कंपनीची अब्रू जाईल, क्लासवाले सोडून जातील. कोणी लिहिलं ते शोधू, त्याला समज देऊ, पण गावभर कशाला? तेव्हा ती जे बोलली ते मला शब्दाशब्दानं आठवतं. “कोणी लिहिलं ते विचारूच नका सर. काय लिहिलं नाही ते विचारा.” आणि सरांच्या उत्तराची वाट न बघता तिनं ऑफिसच्या नंबरवरून सगळ्या केंद्रांना कळवून टाकलं: चूक आमची आहे, मुलांची नाही, पेपर पुन्हा होईल. मी शेजारी बसून केंद्रांची यादी वाचून दाखवत होते, आणि मनात म्हणत होते, आता दोघी घरी बसतो. घरी नाही बसलो. पेपर पुन्हा झाला, क्लासवाला कुठं गेला नाही. तिचं प्रमोशन तेवढं अडलं, ते अडलंच. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही, असं लिहायचा मोह होतो आहे; पण ती चिक्कार कुरकुरली, सरांच्या तोंडावर कुरकुरली, दरवर्षी.

त्यानंतर तिनं त्या फाईली हातात घेतल्या. वेळेचा जो जो आकडा होता त्याच्या वर तिनं मराठीत ओळ लिहिली. आधी, हा कशात मोजायचा: मिनिट, सेकंद की हजारावा भाग. मग, एवढाच का. आणि मग तिचं स्वतःचं, जे कुठल्याच पुस्तिकेत सांगितलेलं नसतं: या आकड्याच्या पलीकडे कोण वाट बघत बसलंय. ‘सेकंद. उदगीर केंद्रावर एका वेळी सगळे आत येतात, शेवटच्या पोराला लागतात तेवढे.’ ‘मिनिटं. यापेक्षा कमी केलं तर गणिताच्या पेपरला मरतील.’ ‘हजारावा भाग. तीन शून्यं चुकून लिहिलेली नाहीत, हात लावू नका.’ हे माहीत करून घ्यायला ती खरोखर त्या केंद्रांवर जायची, मला ओढून न्यायची, पोरांच्या पाठीमागं स्टूल टाकून बसायची. ऑफिसात लोक वैतागायचे. मीही वैतागायचे. खोलीवर मी म्हटलं कुकर दोनवर बंद कर, तर आतून आवाज, दोन शिट्ट्या की दोन मिनिटं? मग मी पण सोडायचे नाही. ती उशिरा आली की मी दारातच विचारायचे, पाच काय होते गं, पाच तास? ती अशी खळखळून हसायची की शेजारची मावशी डोकावून जायची. तिला स्वतःच्या वेळेचं एकक कधीच सापडलं नाही, हे तिला पुरेपूर माहीत होतं.

तर, सौरभ सर. मी मेलला उत्तर दिलं नाही म्हणून त्यांनी व्हिडिओवर बैठक लावली. मोरे सर माझ्या शेजारी बसले. सौरभ सरांनी मऊ आवाजात समजावलं, की नव्या साच्यात आकड्यालाच एकक चिकटवता येतं, ‘नव्वद’ ऐवजी ‘नव्वद मिनिटं’ असं डेटाबेसच समजून घेतो, मग या ओळी कशाला? मी म्हटलं, जिथं चिकटवता येतं तिथं ते आधीच चिकटवलेलं आहे, सर, शाहीननंच ते सुरू केलं होतं. पण जुन्या काही ओळींत येत नाही. आणि चिकटवलं तरी ‘का’ कुठं लिहायचं? ते म्हणाले, ठीक आहे, मग इंग्रजीत लिहा, थोडक्यात. हे ऐकून मी जरा पाणी प्यायले. परीक्षेच्या सकाळी देगलूरला काही अडलं तर ती फाईल कोण उघडतं? तिथला केंद्रावरचा तंत्रज्ञ उघडतो, मी फोनवरून सांगते तसं. तो मराठी वाचतो, झरझर वाचतो. पुण्याहून कोणी उघडायला येत नाही. हे सगळं मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, मॅडम, भावना समजतात, पण मशीनला या मजकुराचा काही उपयोग नाही.

“मशीनसाठी नाहीतच त्या,” मी म्हटलं. “मशीन वाचत नाही म्हणूनच ती जागा माणसांना दिलीय. तुमच्या साच्यात ती जागा नसेल तर साचा सुधारा.”

मग सौरभ सरांनी विचारलं, आवाज आता तेवढा मऊ नव्हता, की हे कोणाच्या परवानगीनं ठेवलंय. मी मोरे सरांकडे बघितलंसुद्धा नाही. “माझ्या,” म्हटलं. पुढचं त्यांनी सांगितलं ते एवढंच, की त्यांना हे वर कळवावं लागेल. कळवा म्हटलं. बैठक संपल्यावर मोरे सर जाताना म्हणाले की तुम्ही दोघी एकाच घाण्यातून निघाल्यात. ते रागानं म्हणाले की कौतुकानं, ते मी विचारलं नाही.

वरून अजून काही आलेलं नाही. येईल. कदाचित मला काढतील, कदाचित पुण्याहूनच कोणी बसल्या जागी त्या ओळी उडवेल. त्याला काय, एक कळ दाबायची. पण मी हे लिहिते आहे तोवर त्या जागेवर आहेत, आणि माझ्या हातानं जाणार नाहीत. अम्मींना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांना डेटाबेस वगैरे काही कळलं नाही. भांडते आहेस ना, एवढंच त्यांनी विचारलं. हाव म्हटलं, भांडतेय. बरं वाटलं त्यांना, असं आवाजावरून वाटलं... मला तर नक्की वाटलं. खोलीत तिची खाट अजून तशीच आहे, तिच्यावर मी धुतलेले कपडे टाकते आणि मग उचलते. रडू येतं तेव्हा येतं. रागही येतो, तिचाच, की असं अर्ध्यातून कोणी जातं का.

गेल्या आठवड्यात डेटाबेसच्या नव्या आवृत्तीबरोबर वेळेची एक नवी ओळ आली, जी शाहीननं कधी पाहिलीच नव्हती. किती वेळ वाट बघायची, ते ठरवायला मी भोकरला जाऊन आले, एकटी. पोरांच्या मागं स्टूल टाकून बसले. पेपर चालू असताना लाईट गेली, शिपाईमामा जनरेटर चालू करायला मागच्या अंगणात गेले, आणि सगळा वर्ग अंधारात हात मांडीवर ठेवून बसून राहिला. परत येऊन मी आकडा भरला आणि वर लिहिलं: ‘सेकंद. भोकरला लाईट गेल्यावर जनरेटर लागेपर्यंत पोरं बसून राहतात, तेवढे. कमी करायचे असतील तर आधी भोकरला जाऊन एक पेपर देऊन या.’ शाहीन तिच्या ओळींखाली कधी नाव घालायची नाही. मी घातलं आहे, पूर्ण नाव, म्हणजे ही ओळ ज्याला पुसायची असेल त्याला कळावं की भांडायला कोणाकडे यायचं.